खुर्चीतला संपादक

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक वयस्क गृहस्थ खुर्चीत ऐसपैस बसले आहेत. अंगात काळा कोट, केस विस्कटलेले, नजर थेट पाहणाऱ्यावर. दोन्ही हात मांड्यांवर असे रोवलेले, की आता उठतील आणि चार शब्द सुनावतील!

हे ल्वी-फ्राँस्वा बेर्तँ, 'झुर्नाल दे देबा' या वजनदार वृत्तपत्राचे मालक. नेपोलियनच्या राजवटीत त्यांना हद्दपारी भोगावी लागली, वृत्तपत्रही सरकारजमा झाले. पण नेपोलियन गेला आणि बेर्तँ पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसले. अशा माणसाचे चित्र काढणे सोपे नव्हते.

१८३२ साली हे काम हाती घेतले अँग्र या नामवंत चित्रकाराने. रेषेवर त्याची जबरदस्त हुकमत. तरीही बेर्तँ काही केल्या कागदावर उतरेनात. आधी त्याने त्यांना उभे करून पाहिले, जमले नाही. बावन्न वर्षांचा हा कसलेला कलावंत हताश होऊन चक्क रडला आणि ज्यांचे चित्र काढायचे त्या बेर्तँनाच त्याची समजूत घालावी लागली, असे सांगतात.

मग एके दिवशी बेर्तँ वादविवादात रंगले असताना अँग्रने त्यांना पाहिले. ना ऐट, ना आव. नेहमीची बैठक, गुडघ्यांशी टेकलेले हात. चित्रकाराला हवे होते ते सापडले!

पुढच्या वर्षी चित्र प्रदर्शनात आले आणि गाजले. घरी मात्र नाराजी होती. बेर्तँची मुलगी लुईझ स्वतः संगीतकार. आपल्या रुबाबदार वडिलांना चित्रकाराने जाडजूड शेतकरी करून टाकले, अशी तिची तक्रार असल्याचे सांगितले जाते. लेकीच्या डोळ्यांतले वडील आणि चित्रकाराने पाहिलेला माणूस यांचा मेळ बसला नाही.

अँग्रने पोट लपवले नाही, सुरकुत्या पुसल्या नाहीत. खुर्चीच्या गुळगुळीत हातावर पडलेले खिडकीचे इवलेसे प्रतिबिंबही त्याने सोडले नाही. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती त्यानंतर, १८३९ साली.

बेर्तँ १८४१ मध्ये वारले. त्यांचे वृत्तपत्र १९४४ मध्ये बंद पडले. १८९७ पासून लूव्रमध्ये असलेले हे गृहस्थ मात्र अजूनही तसेच बसले आहेत. फोटो काढताना पोट आत ओढणाऱ्या प्रत्येकाने त्यांची एकदा भेट घ्यावी!