आली कोण, आणि गेली कोण?

“कोण आहेस तू? कुठून आलीस? काय हवंय तुला?”

घरातल्या मुलीचा किंवा सुनेचा आवाज एकाएकी बदलला, आपल्याच माणसांना ती ओळखेनाशी झाली, की पहिले प्रश्न असेच विचारले जातात. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातले कुंभिवली घ्या, की गिरगावातली चाळ घ्या. ‘तिच्या अंगात येते’ हे वाक्य कुठेच समजावून सांगावे लागत नाही. गावाकडे भगताला बोलावतात, शहरात कोणाकडून तरी अंगारा आणतात. फरक असलाच तर एवढाच!

वाचकहो, देवीच्या उत्सवात क्षणभर अंगात आले आणि ओसरले, त्याचा त्या बाईला त्रास नाही, तर त्याला डॉक्टरही आजार म्हणत नाहीत. आज बोलायचे आहे ते निराळ्या अवस्थेविषयी. यात माणसाच्या आयुष्यातले तासच्या तास हरवतात, नको असताना ‘दुसरी’ कोणी येते आणि संसाराची घडी विसकटून जाते.

महाराष्ट्रातले या धर्तीचे सर्वांत गाजलेले उदाहरण नागपूरचे. १९७४ साली तिथल्या एका सुशिक्षित, अविवाहित मराठी बाई अधूनमधून ‘शारदा’ होऊ लागल्या. ही शारदा बंगाली बोले, मराठी तिला समजत नसे आणि घरची माणसे तिला परकी वाटत. कधी एकदोन दिवस, कधी कित्येक आठवडे ती राही. पुढे बाई पूर्ववत होत, तेव्हा मधले काही त्यांना आठवत नसे. अमेरिकेतील डॉ. इयान स्टीव्हन्सन, बंगळूरच्या डॉ. सतवंत पसरिचा आणि पुण्याचे प्रा. वि. वि. अकोलकर यांनी या प्रकरणाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. पुनर्जन्म की दुभंगलेले मन, हा वाद आजही मिटलेला नाही. त्या बाईंच्या बालपणाविषयी आपण घरबसल्या तर्क लढवू नयेत हे बरे. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘आली ती कोण?’ यावर इतके लिहिले गेले. ‘जिला जावे लागले तिचे काय?’ हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

मानसशास्त्राला तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. फ्रान्समधील पिएर जाने यांनी १८८९ सालच्या आपल्या ग्रंथात अशा रुग्णांची वर्णने केली आणि मनाच्या या तुटण्याचा संबंध भयंकर अनुभवांशी लावला. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी ‘बहुव्यक्तिमत्त्व विकार’ असे त्याला स्वतंत्र नाव दिले, आणि १९९४ साली ते बदलून ‘विघटित ओळखीचा विकार’ केले. नाव बदलण्यात अर्थ होता. एका देहात अनेक माणसे राहतात असे नसून, एकाच माणसाचे तुकडे एकमेकांस जोडलेले राहिलेले नाहीत, असा त्याचा भाव.

हे तुकडे होतात कसे? मोठ्या माणसावर संकट आले तर तो पळतो, ओरडतो, भांडतो. पाचसहा वर्षांच्या पोराने काय करावे? मारणारा किंवा अंगाशी नको ते करणारा घरातलाच असेल, तर पळून जाणार कुठे? ज्याची भीती, त्याच्याच हातून जेवायचे! अशा वेळी देहाला जाता येत नाही म्हणून मन निघून जाते. ‘हे मला होत नाही, दुसऱ्याच कोणाला होते आहे’ अशी ते समजूत करून घेते. त्या घडीला ही समजूत लेकराला तारते. परंतु असे वारंवार झाले की ती दुसरी वेगळीच वाढू लागते. आठवणी तिच्याकडे, राग तिच्याकडे. शाळेत जाणारी, शहाण्यासारखी वागणारी मात्र ही. पुढे विशी-पंचविशीत, कधी लग्नानंतर, ती झाकलेली बाजू वर येते आणि आपण म्हणतो, ‘बाहेरचे काही लागले.’

आपल्या देशात हा विकार पाश्चात्त्य नमुन्याप्रमाणे क्वचितच नोंदला जातो. १९८९ साली एका अमेरिकी नियतकालिकात भारतातील तीन रुग्णांची हकिकत आली होती. आपल्याकडे मनाची ही फूट बहुधा देव-भुताची भाषा बोलते. तज्ज्ञांनीही ते मानले, आणि २०१३ च्या अमेरिकन निदानसंहितेत ‘झपाटल्याचा अनुभव’ या विकाराच्या लक्षणांत घातला.

उपचार काय? पहिली गोष्ट, मारझोड नव्हे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दुसरी गोष्ट, तुटलेले मन सांधणारी गोळी अद्याप नाही. झोप, उदासी, धास्ती यांवर औषधे मिळतात. सांधण्याचे काम बोलण्यानेच होते आणि त्याला वर्षे लागतात. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. आधी आजची सुरक्षितता: त्रास देणारा अजून घरात असेल तर सारे उपचार फोल. मग सोसवेल तितकेच, थोडे थोडे, झालेल्या गोष्टीकडे पाहणे. शेवटी तुकड्यांची एकमेकांशी ओळख. चांगला डॉक्टर ‘दुसरी’ला हाकलून देत नाही आणि तिचे कौतुकही करीत नाही, तीही त्याच रुग्णाची दुखरी बाजू म्हणून तिचे ऐकून घेतो.

इथे एक सावधगिरी हवी. १९७३ साली ‘सिबिल’ नावाचे पुस्तक अमेरिकेत तुफान खपले. सोळा व्यक्तिमत्त्वांच्या त्या बाईची कथा वाचून असे निदान करण्याची लाटच आली. पुढे या कथेच्या खरेपणाविषयी गंभीर शंका निघाल्या. डॉक्टरने खोदून खोदून विचारले तर न घडलेलेही आठवू लागते. म्हणून आठवणी उकरू नयेत. त्या येतील तेव्हा ऐकाव्यात.

आणि ऐकण्याचे हे काम डॉक्टरच्या कितीतरी आधी घरातले असते. केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारण्यात आले. लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे ५३ टक्के मुलांनी सांगितले. छळणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी हे कोणालाच सांगितले नव्हते. का सांगावे? ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे आपण त्यांना लहानपणीच शिकवलेले असते ना! २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मात्र असा गुन्हा कळल्यावर तो न कळवणे हाही गुन्हा ठरवला आहे.

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरेल. फराळाची ताटे फिरतील, लहानग्यांना ‘काकांच्या मांडीवर बस’, ‘मामांना पापा दे’ असे सांगितले जाईल. एखादी मुलगी आईच्या पदराआड सरकली, तर ‘किती गं लाजरी!’ म्हणून तिला पुढे ढकलू नका. लाजत असेल तर काही बिघडत नाही. नुसता हात जोडून नमस्कार पुरे. लाजत नसेल, तर रात्री निवांतपणे तिला जवळ घ्या, आणि ती बोललीच तर दोनच वाक्ये म्हणा: “तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही.” मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

आणि एखाद्या घरात मोठी लेक ‘दुसरीच’ होऊन बोलू लागली असेल, तर ‘कोण आलंय?’ हा प्रश्न तेवढा टाळा. तिला तिच्याच नावाने हाक मारा, पाणी द्या आणि विचारा, “बाळ, तुला काय झालं होतं?” उत्तर लगेच येणार नाही. पण हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेलाच नसण्याचा संभव आहे.