गल्लीत माणूस कुठे उभा राहणार?

हॉस्टेलच्या पॅसेजमधून लोखंडी कॉट नेताना कोपऱ्यावर अडकते ना, तसंच गोदामात फोर्कलिफ्टचं होतं. (कॉन्व्हेंटवाली आहे, मराठी सांभाळून घ्या!) साधी फोर्कलिफ्ट समोर ओझं उचलते आणि मागच्या वजनाने तोल सांभाळते. त्यामुळे ती लांब असते, आणि रॅककडे वळायला तिला साधारण साडेतीन मीटरची गल्ली लागते. रीच ट्रक पावणेतीन-तीन मीटरमध्ये भागवतो. अरुंद गल्लीचा टरेट ट्रक तर वळतच नाही. गाडी सरळच राहते, नुसते फोर्क डावी-उजवीकडे फिरतात. गल्ली जेमतेम १.८ मीटर!

सुट्टीत मी भिवंडीच्या एका गोदामात ट्रेनिंगला होते. तिथे उत्साहाने नवा लेआउट काढला. पाठीला पाठ लावलेल्या दोन रॅकना २.३ मीटर धरले, तर ६० मीटर रुंदीत १० ऐवजी १४ जोड्या बसत होत्या. मी जाम खूश! फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या काकांना कागद दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ताई, छान आहे. पण खालच्या खणातून खोके काढणारी पोरं कुठे उभी राहणार?"

मी गप्प. ड्रॉइंगमध्ये रॅक होते, पॅलेट होते, ट्रक होता. माणूस काढायचाच राहिला होता.

अरुंद गल्लीत ट्रकच्या दोन्ही बाजूंना चार बोटं जागा उरते. अंग चोरायलाही वाव नाही. म्हणून तिथे नियम एकच: गाडी आत असेल तर पायी माणूस नाही, आणि माणूस आत असेल तर गाडी नाही. शिवाय जमीनही सपाट हवी. १.२ मीटर अंतरावरच्या दोन चाकांमध्ये ३ मिलिमीटरचा फरक पडला, तर १० मीटर उंचीवर मास्ट २५ मिलिमीटर कलतो. हे साधं त्रिकोणाचं गणित आहे, फर्स्ट इयरचं.

मला हे यंत्र वाईट वाटत नाही, उलट फार हुशार वाटतं. जिथे अख्खे पॅलेटच आत-बाहेर होतात, तिथे ते जरूर आणावं. पण जिथे दिवसभर पोरं हाताने खोकी काढतात, तिथे गल्ली अरुंद करून नियम मात्र जुनेच ठेवायचे, हे मला मान्य नाही. वाचलेल्या जागेचं भाडं मालकाला दिसतं. आत अडकणारा पोरगा कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

आपण पोटापाण्यासाठी उद्या असेच लेआउट काढणार आहोत. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची शीट ग्लास ट्रेसिंग करतानासुद्धा एक करून बघा: गल्लीत स्केलप्रमाणे एक माणूस काढा. तो मावत नसेल, तर आधी त्याला यायला बंदी करायची की गल्ली रुंद करायची, ते ठरवा. मग शीटवर सही घ्या.

मी माझा लेआउट परत काढला. ११ जोड्या बसल्या, रीच ट्रक धरून. काकांनी या वेळी पटकन मान डोलावली.