काका शेवटच्या बाकावर बसले तो रविवार

बेळगावातल्या आम्हा मराठी ख्रिस्ती घरांत उधळ्या पुत्राचा दाखला लहानपणापासून पाठ असतो. लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय. संडे स्कूलमध्ये त्याचं नाटक बसवायचे आणि मला नेहमी थोरला भाऊ करायचे. तेव्हा रडू यायचं. आता वाटतं, माणूस बरोबर निवडला होता.

आमचे धाकटे काका दारूपायी घर सोडून गेले. जाताना आजीच्या पाटल्या नेल्या. सात वर्षांनी एका संध्याकाळी दारात उभे. आजीनं एवढंच विचारलं, "आलास होय? जेवलास काय?" आणि ताट वाढलं. पाटल्यांचं नाव तिनं मरेपर्यंत काढलं नाही.

रविवारी काका उपासनेला आले, शेवटच्या बाकावर बसले. त्या बाकावर मी होतो. उठून पुढं जाऊन बसलो. प्रभुभोजनाच्या वेळी ते जागचे हललेच नाहीत. नंतर पायरीवर कुणीतरी म्हणालं, "किती दिवस टिकतंय बघूया की." मीही हसलो.

देव क्षमा करतो हे आपण सगळेच मानतो. ती शेजारच्याला मिळाली की मात्र पोटात दुखतं. दाखला नीट वाचा. मुलगा वाटेत तीन गोष्टी ठरवून येतो: मी पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही, मोलकरी म्हणून ठेवून घ्या. पहिल्या दोन बोलून होतात. तिसरी बाप त्याला बोलूच देत नाही, झगा, अंगठी, जोडे मागवतो. आणि आपली मंडळी नेमकी त्या तिसऱ्या गोष्टीवर अडून बसते. आधी मोलकरी हो, मग बघू.

"पश्चात्ताप खरा आहे का, हे बघायला नको?" असं विचारतात. बघा की! पण जेवायला वाढून बघा. तो मुलगा तरी कुठं मोठ्या भक्तीनं निघाला होता? डुकरांच्या शेंगांवर डोळा जाण्याइतकी भूक लागली, तेव्हा त्याला घर आठवलं. बापानं कारण विचारलं नाही. थोरला मात्र 'हा तुमचा मुलगा' म्हणाला, 'माझा भाऊ' हे त्याच्या तोंडून आलंच नाही.

काका पुन्हा घसरले. होय, पायरीवरचे लोक खरे ठरले. दोन वर्षांनी परत आले तेव्हा आजी नव्हती, दार मला उघडायचं होतं. "काका, जेवलात काय?" एवढं विचारायला मला किती वेळ लागला, ते उंबऱ्याबाहेर उभ्या काकांनाच ठाऊक.