‘पित्त झालंय’ म्हणून उलटी दाबू नका!

“डॉक्टर, काही नाही, पित्त झालंय. उलटी थांबायचं एक इंजेक्शन द्या, लगेच निघायचंय.”

हे वाक्य मी गेली पंचवीसएक वर्षं ऐकतोय. रुग्ण निदान घेऊनच आत येतो, उपचारही त्यानेच ठरवलेला असतो. डॉक्टरकडे फक्त सुई टोचण्याचं काम उरतं. आज मला या वाक्याशी भांडायचं आहे. तुमच्याशी, आणि काहीही न विचारता ती सुई टोचणाऱ्या आम्हा डॉक्टरांशीही.

आधी माझीच चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक आई आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. सकाळपासून उलट्या, पोटात दुखणं, अंगात त्राण नाही. आदल्या दिवशी मुलीने बाहेरची पाणीपुरी खाल्ली होती. झालं, माझं निदान तयार! उलटीचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या, घरी पाठवलं. निघताना आई म्हणाली, “पाणी मात्र खूप पितेय हो, आणि सारखी लघवीला जातेय.” मी मान डोलावली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी मुलीला आणलं तेव्हा ती धड बोलत नव्हती, श्वास जोरजोरात चालला होता. रक्तातली साखर चारशेच्या वर. तिला टाइप १ मधुमेह होता, तोवर कुणालाच माहीत नसलेला. इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाची आम्लं साठली होती आणि उलट्या त्यामुळे होत होत्या. आयसीयूत राहून मुलगी वाचली. पण उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की लघवी कमी होते, हिला मात्र जास्त होत होती. आईने उत्तर माझ्या हातात दिलं होतं. मी ते ऐकलं नाही, कारण माझं लक्ष उलटी थांबवण्याकडे होतं.

बिघाड पोटातच असतो असं नाही

उलटी घडवून आणणारं केंद्र पोटात नसतं, मेंदूच्या खालच्या भागात असतं. त्याच्याकडे वेगवेगळ्या वाटांनी निरोप येतात. पोट आणि आतड्यांकडून येतात, तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाकडून येतात (घाटात गाडी लागते ती यामुळे), रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांकडून किंवा औषधांकडून येतात आणि मेंदूच्या इतर भागांकडूनही येतात. निरोप कुठूनही आला तरी परिणाम एकच, पोट रिकामं होतं. म्हणून उलटीकडे पाहून आजार कळत नाही, तो शोधावा लागतो.

“पण डॉक्टर, पिवळं, कडू पडलं ना! ते पित्तच की.” हो, ते यकृतात तयार होणारं पित्त असतं. पोट रिकामं झाल्यावरही उमासे येत राहिले की लहान आतड्यातलं पित्त वर येतं. कारण काहीही असो, चौथ्या-पाचव्या उलटीला बहुतेकांना पिवळं पडतंच. म्हणजे पित्त पडलं हा उलटीचा परिणाम झाला, तिचं कारण नव्हे. आयुर्वेदातल्या पित्ताच्या संकल्पनेशी माझा वाद नाही. ‘पित्त’ हा शब्द उच्चारून विचार करणं थांबवण्याशी आहे.

या एका शब्दाखाली काय काय दडतं?

पन्नाशीच्या गृहस्थांना पहाटे उलटी होते, दरदरून घाम येतो, अस्वस्थ वाटतं. घरचे लिंबू-सोडा देतात, ॲसिडिटीची गोळी देतात, दोन-तीन तास वाट पाहतात. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका नेमका असाच येऊ शकतो. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखताही येऊ शकतो. ते दोन-तीन तास म्हणजे हृदयाचा स्नायू वाचवण्याची वेळ असते.

“माझं पित्ताने डोकं दुखतं, उलटी झाली की उतरतं,” असं सांगणाऱ्या कितीतरी जणींना प्रत्यक्षात अर्धशिशी असते. वर्षानुवर्षं रोज उपाशीपोटी पित्ताची गोळी चालू असते आणि अर्धशिशीचे उपचार एक दिवसही मिळालेले नसतात.

डोकं दुखतंय, उलट्या होताहेत आणि एक डोळा लाल होऊन अंधुक दिसतंय? तो अचानक आलेला काचबिंदू असू शकतो. पित्त समजून दोन दिवस काढले तर त्या डोळ्याची नजर जाऊ शकते.

आधी पोटात दुखायला लागलं, मग उलटी झाली आणि दुखणं उजवीकडे खाली सरकलं, तर अपेंडिक्सचा विचार करावा लागतो. पोट फुगलं, गॅसही सरत नाही आणि उलट्या होताहेत, तर आतडं अडकलेलं असू शकतं. पाळी चुकलेली असेल तर गरोदरपण. नवी गोळी सुरू केली असेल तर ती गोळी. लोह, वेदनाशामकं, मधुमेहाची मेटफॉर्मिन, यांतलं कुठलंही औषध उलटी आणू शकतं.

“मग काय, दर उलटीला तपासण्या करायच्या?”

अजिबात नाही. बहुतेक उलट्या साध्या जंतुसंसर्गाच्या किंवा खाण्यातल्या बिघाडाच्या असतात आणि एक-दोन दिवसांत थांबतात. मी मागतोय ती पाच मिनिटं. कधीपासून, किती वेळा, आधी दुखणं की आधी उलटी, लघवी किती, कोणती औषधं चालू आहेत, एवढं विचारायचं. नाडी आणि रक्तदाब बघायचा, पोटाला हात लावायचा. गरज वाटली तर बोटाच्या एका थेंबावर साखर, चाळिशीपुढच्या माणसाचा ईसीजी. हे न करता कुणी थेट सुई काढली तर तुम्हीच विचारा, “डॉक्टर, उलटी कशामुळे होतेय?” विचारण्यात उद्धटपणा नाही.

उलटीची औषधं वाईट नाहीत, मीही देतो. पण मेडिकलमधून मनाने आणू नका. मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधाने काही मुलांची, तरुणांची मान वाकडी होते, डोळे वर फिरतात. घरचे घाबरून फिट समजतात, कुणी बाहेरची बाधा.

आणि सलाईनचा हट्टही सोडा. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. तेच आजचं ओआरएस. पूर्ण आकाराचं पाकीट एक लिटर पाण्यात कालवा आणि ते पाणी २४ तासांत संपवा. मुलाने उलटी केली तर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. घटाघटा पाजलं तर परत पडणारच. फळांच्या चवीचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे.

घरी थांबू नका, जर उलटीसोबत:

• छातीत किंवा जबड्यात दुखत असेल, घाम येत असेल, दम लागत असेल
• डोक्याला मार लागला असेल, असह्य डोकेदुखी असेल, मान आखडली असेल
• उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसत असेल
• गुंगी असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, किंवा उलट्या असूनही लघवी भरपूर होत असेल
• तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली असेल
• पोटात विष, रॉकेल किंवा ॲसिड गेलं असेल. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून मुद्दाम उलटी काढू नका. थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

त्या मुलीची आई बरोबर होती, डॉक्टर चुकला होता. तुमच्या लक्षात आलेली बारीकसारीक गोष्ट डॉक्टर ऐकत नसेल तर पुन्हा सांगा, जरा मोठ्याने सांगा. फक्त “पित्त झालंय” म्हणून तिच्यावर झाकण घालू नका.