उशीवर बसायचं नाही!

तर झालं असं, गेल्या जुलैत मी ऑनसाइटला झ्यूरिकमध्ये होते. शुक्रवारी अप्रेझलचं मेल आलं. माझं प्रमोशन यंदाही नाही. यादीत दोन नावं मात्र अशी, ज्यांना काम मीच शिकवलेलं! चिडचिड, रडारड, आईला फोन, सगळं यथासांग झालं. शनिवारी स्विस टीममेटनं मला बळेबळेच झेरमॅटला नेलं. गोर्नरग्राटच्या डोंगररेल्वेनं तीन हजार मीटरवर पोचलो आणि चालत उतरायला लागलो.

अर्ध्या तासात माझी दमछाक. खडकांच्या मध्ये एक हिरवीगार, गोल उशी दिसली. वर चिमुकली गुलाबी फुलं. वा, काय सोय आहे म्हणत मी बसणार, तोच ती ओरडली, "अगं थांब! तुझ्या आजीपेक्षा म्हातारी असेल ती!"

ही मॉस कॅम्पियन. आल्प्सपासून आर्क्टिकपर्यंत, जिथे मोठी झाडं हात टेकतात, तिथे ही मजेत राहते. उंच वाढायच्या भानगडीत पडतच नाही. वारा डोक्यावरून निघून जातो, उन्हात उशीच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त ऊब असते, जुनी पानं आतल्या आत कुजून खत होतात. खाली लांबलचक सोटमूळ. पहिलं फूल यायला दहाएक वर्षंसुद्धा लागतात. अलास्कातल्या सर्वांत मोठ्या उशा ३०० वर्षांहून जुन्या असाव्यात, असा अंदाज १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. आणि गंमत म्हणजे, हिच्या आसऱ्यानं दुसरी रोपंही रुजतात.

आता मी म्हणणार, धीर धरा, तुमचंही फूल येईल. छे हो! त्या उशीला होमलोनचा हप्ता नसतो. सोमवारी मी मॅनेजरशी बोलले, मुद्देसूद आणि जरा कडकच. उत्तर अजून 'बघू'च आहे.

पण त्या दोघींचं मी साधं अभिनंदनही केलं नव्हतं, हे मला तिथे, त्या उशीपाशी आठवलं. उतरता उतरता दोघींना मेसेज टाकला. एकीचं लगेच उत्तर आलं, "ताई, तुमच्याच मेसेजची वाट बघत होते."

आणि हो, उशीच्या कडेची चार फुलं माझ्या बुटाखाली चिरडलीच होती. ती जागा भरून यायला किती वर्षं लागतील, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.