गाय मोजायची की लिटर?

डेन्मार्क 2030 पासून गुरांच्या वायूंवर कर लावणार आहे. उद्या आपल्या इस्रायलमध्येही हा विषय निघाला, तर हिशोब कसा होणार?

गाईच्या पोटात चारा आंबतो, मिथेन तयार होतो आणि ढेकरांवाटे बाहेर पडतो. प्रत्येक गोठ्यात तो मोजणं परवडत नाही, म्हणून गणिती मॉडेल लावतात. साधं मॉडेल फक्त गाई मोजतं आणि ठरलेल्या आकड्याने गुणतं. शेतकऱ्याने चारा सुधारला तरी उत्तर तेच! दुसरं मॉडेल विचारतं: खाल्लं किती, पचलं किती, दूध किती?

इथली गाय वर्षाला 12,000 लिटरच्या आसपास दूध देते. खाते भरपूर, म्हणून गाईमागे मिथेन जास्त, पण लिटरमागे कमी. कोकणातल्या गावठी गाईचं नेमकं उलट.

म्हणून इथली गाय निर्दोष, असं मात्र नाही. तिचं बरंचसं धान्य परदेशातून येतं आणि ते पिकवतानाचा वायू त्या देशाच्या खात्यात पडतो. मला वाटतं, कर लावायचाच तर दुसरं मॉडेल घ्यावं आणि त्यात हे धान्यही धरावं. नाहीतर बिल चुकीच्या गोठ्यावर जाईल.