गाळलेली जागा

गेल्या वर्षी माझ्या मेहुण्यांना प्रोस्टेटसाठी रेडिएशन द्यायचे ठरले. आधी सीटी स्कॅन झाला, मग एमआरआय. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना दोनदा टेबलावर निजणे जड गेले. "दोन दोन कशाला?" असे मी विचारले, तेव्हा तिथल्या फिजिसिस्ट मुलीने न कंटाळता समजावून सांगितले.

एमआरआय शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत असलेल्या हायड्रोजनचे संकेत टिपतो. त्यामुळे प्रोस्टेटची कड त्यात छान दिसते. पण किरण वाटेत किती शोषले जातील, याचे गणित मांडायला घनता लागते आणि ती कळते सीटीवरून. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००, हाड काहीशे किंवा त्याहून वर. एमआरआयमध्ये मात्र टणक हाडही काळे आणि हवाही काळी! म्हणून दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवतात. पण मधल्या वेळात मूत्राशय भरते, आतड्यातला वायू सरकतो आणि एखाद-दोन मिलिमीटरची चूक राहू शकते. ती मग रोजच्या उपचारात तशीच पुढे चालते.

आता काही ठिकाणी सीटी काढतच नाहीत. अनेक रुग्णांच्या एमआरआय-सीटीच्या जोड्या दाखवून संगणकाला शिकवतात आणि नव्या रुग्णाच्या एमआरआयवरून तो सीटी 'तयार' करतो. स्वीडनमध्ये चार केंद्रांतल्या १७० प्रोस्टेट रुग्णांवर असा तयार केलेला सीटी पडताळला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खऱ्या सीटीच्या तुलनेत डोसचा सरासरी फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाला. वाचून मला बरे वाटले. मेहुण्यांसारख्या माणसाची एक फेरी वाचेल.

तरी माझ्यातला मराठीचा मास्तर गप्प बसेना. 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न हुशार मुले धडा न वाचताही सोडवत. वाक्याच्या ओघावरून शब्द बरोबर येई. पण लेखकाने अनपेक्षित शब्द योजला असला की उत्तर चुके, आणि तेही तितक्याच सुरेख अक्षरात! यंत्राचेही तसेच आहे. चुकलेले चित्रसुद्धा नीटनेटकेच दिसते. एखाद्याच्या खुब्यात धातूचा सांधा असेल, कुणाच्या हाडांची ठेवण निराळी असेल. वर्गाची सरासरी चांगली म्हणून प्रत्येक जण पास होतो असे नाही, आणि इथे नापास होणाऱ्याला फेरपरीक्षा नसते.

म्हणून माझे मत असे. ही पद्धत जरूर यावी, पण दोन अटींवर. एक, हे चित्र काढलेले नसून तयार केलेले आहे, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे. दोन, जाणत्या माणसाने प्रत्येक चित्र तपासून त्याखाली सही करावी. उपचाराच्या यंत्रावरच सीटी काढायची सोय असेल, तर त्याच्याशी ताडून पाहता येते. शंका आलीच, तर खुशाल खरा सीटी काढावा.

मेहुण्यांना हे सगळे ऐकवले. ते म्हणाले, "पाठ दुखली तरी चालेल हो, पण माझी जागा कुणी अंदाजाने भरली असेल तर मला सांगा म्हणजे झालं."

त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. तुम्हाला काय वाटते?